जुनाट कंबरदुखी: शस्त्रक्रियेविना उपचार कसे निवडावेत

कंबरदुखी बारा आठवड्यांहून अधिक काळ टिकली की तिला जुनाट म्हणतात. अशा दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांत दुखण्याचे एकच एक नेमके कारण दाखवता येत नाही; त्यामुळे शस्त्रक्रियेने दुरुस्त करावे असेही त्यांच्या कमरेत बहुधा काही नसते.

तरीही आधी धोक्याची लक्षणे तपासावीत. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत व गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, पायातली ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, विनाकारण घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे असेल, तर डॉक्टरांकडून तपासणी लांबवू नये. यांपैकी काहीच नसताना हौसेने एमआरआय काढण्यात मात्र अर्थ नाही. कंबरदुखीची तक्रार नसलेल्या लोकांचे अहवाल एकत्र अभ्यासले गेले, तेव्हा विशीतल्या सुमारे 30 टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या 84 टक्के लोकांत मणक्यांमधली चकती, म्हणजेच बोलीभाषेतली ‘गादी’, फुगलेली आढळली. ‘गादी सरकली’ हे शब्द ऐकून अंथरूण धरणाऱ्यांनी हे आकडे जरूर वाचावेत.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये या दुखण्यासाठी मार्गदर्शिका काढली. तिने व्यायाम, रुग्णशिक्षण, मसाज व मानसोपचार यांना जागा दिली, तर कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणे) नित्याच्या उपचारांतून वगळले. आपल्याकडे नेमका पट्टाच सर्वांत आधी विकत घेतला जातो.

व्यायामाचा अमुक एक प्रकार बाकी सर्वांहून सरस असल्याचे ठामपणे सांगता येत नाही, म्हणून जो महिनोन्‌महिने टिकेल तोच निवडावा. सपाट रस्त्यावर रोज दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करून दर आठवड्याला चार-पाच मिनिटे वाढवावीत. चालताना कंबर थोडी दुखली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झाली तर चालणे थांबवू नये. दुखणे पायात उतरू लागले तर मात्र फिजिओथेरपिस्टला दाखवावे. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि 2024 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दुखण्यातून नुकत्याच बऱ्या झालेल्या ज्या लोकांना मार्गदर्शनाखाली चालायला लावले, त्यांचे दुखणे उलटायला साधारण 208 दिवस लागले. इतरांचे 112 दिवसांतच उलटले. चालण्याच्या जोडीला सेतुबंधासन व मार्जारासन करता येते. पुढे वाकल्यावर कळ पायात जात असेल, तर पश्चिमोत्तानासन टाळावे.

शेक आणि मालिश यांनी तात्पुरता आराम मिळतो. त्या आरामाचा उपयोग व्यायामासाठी करून घ्यावा. फळीवर झोपण्याचा जुना सल्लाही सोडून द्यावा, कारण स्पेनमधल्या 2003 सालच्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी सरस ठरली.

आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, कमीत कमी मात्रेत आणि थोडेच दिवस घ्याव्यात. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून त्या परस्पर आणू नयेत.

प्रगती मोजताना किती दुखले यापेक्षा किती वेळ बसता, चालता व झोपता आले, याची दर आठवड्याला नोंद ठेवावी. आठ-दहा आठवडे सातत्य ठेवूनही फरक पडला नाही, किंवा पायात उतरणारी कळ कमी होत नसेल, तर ती वही घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.