घरची एसयूव्ही की तिचं स्पोर्टी व्हर्जन? बुकिंगआधी या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात धाकट्या भावाच्या गाडीच्या डाव्या टायरला लिंबाएवढा फुगा आला. गाडी घेऊन जेमतेम चार महिने झाले होते. पाथर्डी फाट्याजवळ पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही आणि चाक धाडकन आपटलं. घरी येऊन टायरच्या बाजूवरून हात फिरवला तेव्हा तो फुगा बोटांना लागला. टायरच्या आतले धागे तुटले की असा फुगा येतो. पंक्चरसारखा तो काढता येत नाही, टायरच बदलावा लागतो. शिवाय खड्ड्याचा मार सहसा वॉरंटीत बसत नाही. गाडी स्पोर्टी व्हर्जनची होती, आणि बुकिंग करताना चाकाचं माप आम्ही दोघांनीही पाहिलं नव्हतं.

ही पहिली चूक. ह्युंदाई क्रेटाचं उदाहरण घेऊ, कारण नाशिकमध्ये ती पावलोपावली दिसते. साध्या क्रेटाच्या वरच्या व्हेरियंटला २१५/६० आर१७ मापाचे टायर येतात, तर २०२४ मध्ये आलेल्या क्रेटा एन लाइनला, म्हणजे तिच्या स्पोर्टी व्हर्जनला, २१५/५५ आर१८. पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधली रुंदी, मधला म्हणजे टायरची बाजू त्या रुंदीच्या किती टक्के उंच आहे ते, आणि शेवटचा रिमचे इंच. हिशेब केला तर एकीकडे १२९ मिलिमीटर रबर आणि दुसरीकडे ११८. टायरचा बाहेरचा घेर जवळपास तेवढाच राहतो, रिम मात्र इंचभर वाढते. खड्ड्याचा दणका झेलणारं ११ मिलिमीटर रबर तेवढं कमी होतं. स्पोर्टी व्हर्जन घ्यायचंच असेल तर विम्यात टायर आणि रिमचं कव्हर घ्या. डिकी उघडून स्टेपनी कुठल्या मापाची आहे तेही बघा. हवा किती भरायची हे ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. पाच माणसं आणि सामान असेल तर आकडा वेगळा असतो, आणि तो फार कमी लोक वाचतात.

दुसरी चूक मला सगळ्यात मोठी वाटते: टेस्ट ड्राइव्ह एकट्याने घेणं. गंगापूर रोडच्या गुळगुळीत पट्ट्यावर, शेजारी सेल्समन बसवून कुठलीही गाडी छानच वाटते. कडक सस्पेन्शन पुढच्या सीटवर आवडतं, कारण वळणावर गाडी झुकत नाही. तेच मागे बसलेल्याला प्रत्येक गतिरोधकावर कंबरेत जाणवतं. आई पहिल्यांदा भावाच्या गाडीत बसली तेव्हा तिने आधी एक हात दरवाजावर ठेवला, दुसरा गुडघ्यावर, मग वरचं हँडल धरून स्वतःला आत ओढून घेतलं. त्र्यंबकेश्वरला पोचेपर्यंत ती काही बोलली नाही. परत येताना म्हणाली, "अरे, जरा हळू घे ना. कंबर गेली माझी." ही गोष्ट शोरूममध्येच कळायला हवी होती. म्हणून घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस आणि सगळ्यात लहान मूल सोबत न्या. गाडी भरा, एसी लावा, आणि तुमच्या कॉलनीतला सगळ्यात खराब रस्ता घ्या. पंधरा मिनिटं तुम्ही स्वतः मागे बसा, दुसऱ्याला चालवू द्या. आतलं सगळं काळं असेल तर दुपारच्या उन्हात उभी असलेली गाडी बघा.

काळा रंग आणि लाल पट्टे पाहून गाडीला स्पोर्टी समजू नका. बऱ्याच डार्क किंवा ब्लॅक एडिशनमध्ये फक्त रंगरूप बदललेलं असतं. एन लाइनमध्ये सस्पेन्शन आणि स्टीअरिंग खरोखर वेगळं आहे. सेल्समनला नेमकं हेच विचारा: यांत्रिक बदल काय आहेत?

इंजिनच्या बाबतीत लोक हॉर्सपॉवर बघून निर्णय घेतात. एन लाइनमध्ये फक्त १.५ लिटर टर्बो पेट्रोल मिळतं: ताकद १६० पीएस (जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर) आणि टॉर्क, म्हणजे गाडी खेचण्याचा जोर, २५३ एनएम. क्रेटाचं डिझेल ११६ पीएसचं, पण टॉर्क २५० एनएम. म्हणजे भरलेली गाडी कसारा घाटात खेचायची तर दोन्ही जवळपास सारख्याच. समृद्धीवर वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, तिथे जास्तीची ताकद वापरायला फारशी जागा नाही. साधं पेट्रोल इंजिन १४४ एनएमचं आहे. पाच जणांना घेऊन घाट चढताना त्याला खालचा गिअर लागतो, पण शहरातल्या रोजच्या फेऱ्यांना माझ्या मते तेच पुरेसं आहे. सिडको ते कॉलेज रोड एवढंच रोजचं जाणं-येणं असेल तर डिझेलच्या मागे लागू नका. छोट्या फेऱ्यांत त्याच्या धुराच्या वाटेतला काजळीचा फिल्टर पुरेसा तापत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लागलाच तर दुर्लक्ष न करता गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हायवेवर एकसारख्या वेगाने चालवून आणा.

ड्युअल क्लच गिअरबॉक्सवाल्यांनी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक, क्लचचं पेडल नसलेला) एक सवय मोडायला हवी. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाताना गर्दीत गाडी चढावर थांबते, तेव्हा ती ॲक्सिलरेटरवर धरून ठेवू नका. क्लच तापतो आणि स्क्रीनवर इशारा येतो. ब्रेक दाबा, पुढे पुरेशी जागा झाली की मगच सोडा. इशारा आलाच तर बाजूला घेऊन पार्कमध्ये टाका आणि निवू द्या.

साधी गाडी घेऊन बाहेरून मोठी रिम आणि आवाजाचा सायलेन्सर बसवण्याच्या फंदात तर पडूच नका. वॉरंटी, विमा आणि पोलिस, तिन्हीकडे अडचण होते.

घरात दोघंच असतील, पाठीची तक्रार नसेल आणि गाडी चालवण्याची मनापासून आवड असेल तर स्पोर्टी व्हर्जन जरूर घ्या. भाऊ आजही त्याच्या गाडीवर खूश आहे, फक्त आई माझ्या गाडीतून येते. पुढच्या रविवारी मावसभावाची टेस्ट ड्राइव्ह आहे. मागच्या सीटवर आई आणि मावशी बसणार आहेत.