काळा आजार आणि लायपोसोम: कामाला नव्याने लागणाऱ्यांसाठी

लायपोसोमवर (औषध भरून देण्यासाठीच्या, लिपिड म्हणजे चरबीजन्य पदार्थाच्या सूक्ष्म पिशव्यांवर) काम सुरू करताना आधी परजीवी समजून घ्या. मी नेमकं उलटं केलं. पहिले सहा महिने कणांचा आकार मोजण्यातच गेले.

काळा आजाराचा परजीवी लिश्मानिया राहतो मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जंतू गिळून टाकणाऱ्या पेशींमध्येच. शिरेतून दिलेले लायपोसोमही यकृत आणि प्लीहेतल्या याच पेशी गिळतात. कॅन्सरच्या औषधांत लायपोसोम या पेशींच्या तावडीतून सोडवण्यासाठी आटापिटा करावा लागतो, इथे तर तेच हवं असतं! १९७०च्या दशकाअखेरीस अँटिमनीची औषधं अशी भरून प्राण्यांवर वापरली गेली. नंतर अ‍ॅम्फोटेरिसिन-बी आलं. हे औषध जालीम, पण मूळ रूपात किडनीवर भारी पडतं. लायपोसोममध्ये भरल्यावर तो त्रास बराच कमी होतो. भारतातल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१० साली आले: किलोमागे १० मिलिग्रॅमच्या एकाच डोसने ९५ टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे झाले. ते वाचल्यावर या कामाचं मोल मला खऱ्या अर्थाने कळलं.

आता प्रयोगाच्या टेबलावरचं. फ्लास्कच्या आत लिपिडचा थर पातळ आणि एकसारखा बसायला हवा. या थरावर पाणी घातलं की लायपोसोम बनतात. पाणी घालताना तापमान लिपिडच्या संक्रमण-तापमानाच्या (ज्याच्या वर लिपिड घट्ट न राहता मऊ होतं) वर ठेवा. हायड्रोजनेटेड सोया लेसिथिन या लिपिडसाठी ते ५० अंशांच्या पुढे असतं. वॉटर बाथ गार पडला की थर काचेला चिकटून बसतो. आणि अ‍ॅम्फोटेरिसिन-बी भरलेल्या लायपोसोमला सलाइन लावू नका. मी घाईत सलाइनने पातळ केलं, आणि पिवळसर झुळझुळीत द्रावणात डोळ्यांदेखत गाळ धरला. आठवड्याचं काम वाया गेलं. डेक्स्ट्रोजच वापरायचं असतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिकाम्या लायपोसोमचा कंट्रोल (औषध न भरता तुलनेसाठी केलेला प्रयोग) कधीही वगळू नका. नुसतं लिपिड गिळूनही मॅक्रोफेजचं वागणं बदलू शकतं, मग परजीवी कशाने मेले ते सांगता येत नाही.

पेशींमधल्या परजीवींची मोजणी सुरुवातीला तरी हातानेच करा. गीम्सा या रंगाने रंगवलेल्या स्लाइडवर पेशीच्या आत इवलेसे गोल अमास्टिगोट, म्हणजे परजीवीचं पेशीत राहणारं रूप, दिसतात. प्रत्येकात एक केंद्रक आणि त्याच्या शेजारी काडीसारखा गडद कायनेटोप्लास्ट (परजीवीच्या डीएनएचा आणखी एक पुंजका). हे दोन्ही दिसले तरच तो परजीवी मोजा, नाहीतर रंगाचे ठिपकेही आकड्यात जातात. मला हे जमायला तीन आठवडे लागले. त्यानंतर मी आधीच्या सगळ्या स्लाइड पुन्हा मोजल्या.