माळा उतरवण्याआधी भंगारवाला ठरवा

मुंबईतल्या घरात नको असलेल्या वस्तू ओळखणं फारसं अवघड नसतं. बंद पडलेला टेबलफॅन, झाकणं हरवलेले डबे, पाहुण्यांसाठी म्हणून जपलेली आणि पाहुणे आल्यावर कधीच न काढलेली जाड रजई, यांचं काय करायचं हे घरात सगळ्यांना माहीत असतं. गाडी अडते ती पुढे. खाली काढलेलं सामान ठेवायचं कुठे आणि ते घराबाहेर नेणार कोण, हे ठरलेलं नसतं. दहा बाय बाराच्या खोलीत दुपारी पसारा मांडला तरी रात्री तिथेच गाद्या घालायच्या असतात. मग संध्याकाळी सगळं पुन्हा बोचक्यात जातं आणि बोचकं माळ्यावर. म्हणून आधी सामानाची बाहेरची वाट पक्की करा आणि मगच निवडायला बसा.

शिडीचा घोडा लावण्याआधी

शनिवार-रविवारी आवरायचं असेल तर गुरुवारपर्यंत फोन करून घ्या. पहिला रद्दीवाल्याला. तो भंगारही घेतो का, घरी येऊन वजन करतो का आणि नेमका किती वाजता येईल, हे विचारा. 'येतो' या शब्दावर विसंबू नका, वेळ घ्या. दुसरा फोन सोसायटीच्या ऑफिसला किंवा वॉचमनला. लिफ्टमधून जड सामान कधी नेऊ देतात ते आधीच कळलं तर ऐनवेळी वाद होत नाही. फर्निचर काढायचं असेल तर तिसरा फोन हमालाला.

फर्निचरबाबत एक गैरसमज पक्का असतो, तो म्हणजे 'काहीतरी येतीलच ना त्याचे'. सागवानाचे येतात, लोखंडी कपाटाचे वजनावर येतात. पण पाण्याने फुगलेल्या प्लायवूडचं किंवा भुशाच्या बोर्डचं कपाट सहसा कोणी विकत घेत नाही. उलट ते खोलून न्यायचे पैसे आपल्यालाच मोजावे लागतात, तेव्हा तेवढी तयारी ठेवा. लोखंडी कपाट काढण्याआधी दार, लिफ्ट आणि जिन्याचं वळण या तिन्ही ठिकाणी टेपने माप घ्या. जुन्या इमारतींत कपाट बहुतेक वेळा वळणावरच अडकतं आणि मग तिथल्या तिथे कापावं लागतं. जाण्याआधी आतला लॉकर आणि त्यामागचा चोरकप्पाही उघडून बघा.

सामान 'तात्पुरतं' जिन्यात किंवा पॅसेजमध्ये काढून ठेवू नका. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. शिवाय तिथे ठेवलेली वस्तू महिनोन् महिने हलत नाही.

दिवस कोणते निवडायचे? दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात अख्खी इमारत आवरायला निघते, रद्दीवाल्याला फुरसत नसते आणि भावही पाडून मिळतो. भर पावसाळ्यात कागद सर्द होतात, कपड्यांना कुबट वास धरतो. त्यापेक्षा पितृपंधरवडा उत्तम. त्या दिवसांत बहुतेक घरांत नवी खरेदी होत नाही, म्हणजे एका दाराने बाहेर काढलेलं दुसऱ्या दाराने आत येत नाही. घट बसायच्या आत घर झाडून-पुसून व्हायचंच असतं, तेही त्यातच उरकतं.

एका वेळी एक चादर

जमिनीवर जुनी डबलबेडची चादर अंथरा. तिच्यावर मावेल तेवढंच सामान खाली काढायचं. ती चादर रिकामी झाल्याशिवाय माळ्यावरच्या पुढच्या वस्तूला हात लावायचा नाही. वर एक जण आणि घोडा धरायला, सामान झेलायला खाली एक जण, असं दोघांचं काम आहे. नाका-तोंडाला रुमाल बांधा आणि पंखा बंद ठेवा, नाहीतर माळ्यावरची धूळ शेजारच्या खोलीतल्या गाद्यांवर जाऊन बसते. साधारण दीड-दोन तासांत एक चादर होते. दिवसाला दोन पुरे. तिसरीला माणूस थकतो आणि एकतर सगळंच फेकतो किंवा सगळंच ठेवतो.

खोक्याला किंवा भिंतीला मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे. ते खोकं घरात फिरवू नका, तिथेच थांबा आणि आधी पेस्ट कंट्रोल करून घ्या.

निवडताना ढीग चारच करा: राहणारं, आज जाणारं, कोणालातरी द्यायचं आणि कागद. 'बघू नंतर' असा पाचवा ढीग प्रत्येक घरात तयार होतोच. त्याला एकच कापडी पिशवी द्या, तिच्यावर आजची तारीख लिहा आणि ती माळ्यावर न ठेवता दारामागे, येता-जाता खुपेल अशी टांगा.

निर्णय होत नसेल तर जागेचा हिशेब करा. तीन बाय दोनची ट्रंक जमिनीवर सहा चौरस फूट अडवते. तुमच्या भागात चौरस फुटाचा जो भाव चालू आहे त्याने सहाला गुणा, आणि मग ट्रंकेतल्या चार जुन्या पडद्यांकडे बघा.

कागद: इथे घाई करायची नाही

बाकी सगळं भरभर केलं तरी चालेल, कागद मात्र एकेक करून. मुंबईत जुना फडतूस वाटणारा कागदच घर वाचवतो. पागडीच्या घराच्या भाडेपावत्या, जुनी लाइटची बिलं, रेशनकार्ड, मतदारयादीतल्या नावाचा उतारा यांतलं काहीही रद्दीत घालू नका. इमारत पुनर्विकासाला गेली की राहत्या माणसाला आपण इथे कधीपासून आहोत हे दाखवावं लागतं. झोपडपट्टी पुनर्वसनात 1 जानेवारी 2000 ही तारीख निर्णायक असते, त्यानंतरच्या सशुल्क योजनेत 1 जानेवारी 2011. म्हणजे 1999 सालचं विजेचं बिल ही रद्दी नव्हे. मालकीच्या फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट, करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) आणि आधीच्या मालकांच्या करारांची साखळी हे सगळं एकाच फायलीत ठेवा. झेरॉक्स वेगळी, मूळ प्रत वेगळी. मूळ प्रत लॅमिनेट करू नका.

ट्रंकेच्या तळाशी कंपन्यांची कागदी शेअर सर्टिफिकेट सापडली तर ती टाकाऊ समजू नका. 1 एप्रिल 2019 पासून शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, पण डीमॅटमध्ये, म्हणजे शेअरच्या डिजिटल खात्यात, आणता येतात. सात वर्षं लाभांश न उचललेले शेअर सरकारी निधीकडे गेलेले असू शकतात, तेही अर्ज करून परत मागता येतात. जुनं पासबुक सापडलं तर रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर नाव घालून बघा. दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी तिथे शोधता येतात.

नोटांचंही तसंच. तांदळाच्या डब्यात, साडीच्या घडीत, पोथीच्या पानांत, देवाच्या तसबिरीमागे हमखास हात घाला. दोन हजाराच्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयातून बँक खात्यात जमा करता येतात. मुंबई आणि बेलापूर, दोन्हीकडे ही सोय आहे. 2016 साली रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटांचे मात्र पैसे मिळत नाहीत. आठवण म्हणून ठेवायच्या तर दोन्ही मिळून दहा नगांपर्यंतच, त्याहून जास्त जवळ बाळगल्या तर कायद्याने दंड आहे.

जाणाऱ्या कागदांवरची नावं, खाते क्रमांक, आधार-पॅनच्या झेरॉक्स फाडून घ्या. आडव्या फाडलेल्या कागदावरचा क्रमांक सहज जुळवता येतो. तुकडे बादलीत भिजवून लगदा केला तर प्रश्नच मिटतो. एक्स-रे टाकताना नावाचा कोपरा कापा. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट मात्र कितीही जुना असला तरी ठेवायचा.

तांबं-पितळ आणि मोड

पितळी पातेली, तांब्याचा बंब, घंगाळं, परात ही मुंबईच्या माळ्यावरची सर्वांत जड आणि सर्वांत मौल्यवान अडगळ. ती सरसकट भंगारवाल्याच्या काट्यावर चढवू नका. तांब्याचा भाव पितळेपेक्षा बराच वर असतो आणि एकत्र वजन केलं की सगळं पितळेत जातं. चिंचेच्या कोळाने तळ घासा. लालसर निघालं तर तांबं, पिवळं निघालं तर पितळ. लोखंडी कडी असेल तर लोहचुंबक लावून ओळखा आणि आपणच काढून ठेवा, नाहीतर तिच्या नावाने मनमानी घट धरतात. मोड जास्त असेल तर पायधुणीला तांबाकाट्यावर दोन-तीन दुकानांत भाव विचारून मगच सौदा करा.

काटा तपासायला पाच किलोची सीलबंद आट्याची पिशवी घरात असतेच. रद्दीवाल्याच्या काट्यावर आधी ती ठेवा. काही बोलायची गरज पडत नाही.

मोडीत घालण्याआधी भांडी उलटीपालटी करून बघा. काठाला, पोटाला ठोकून घातलेली नावं असतात: 'चि. सौ. कां. … हिस', 'कै. … यांचे स्मरणार्थ', खाली सन. असं भांडं परस्पर विकलं की पुढची दहा वर्षं लग्नाकार्यात ते ऐकावं लागतं. नातेवाइकांच्या ग्रुपवर नावासकट फोटो टाका आणि घेऊन जायला आठवड्याची मुदत द्या. 'असू दे तुझ्याकडेच' असं उत्तर आलं, तर विकायची परवानगीही त्याच मेसेजमध्ये मागून घ्या. वीस माणसांच्या स्वयंपाकाची भांडी भाड्याने मिळतात, त्यासाठी माळा अडवायचं कारण नाही. एक मोठं पातेलं ठेवा, बस.

कपडे

बोहारीण आली की आनंदाने साड्या काढू नका, आधी जर बघा. जुन्या शालू-पैठण्यांत खरी जर, म्हणजे चांदीच्या तारेची असू शकते. तशी साडी विटली, चिरली तरी जरीला भाव असतो. जर घेणाऱ्याकडे किंवा सराफाकडे दाखवून मगच ठरवा. बाकी सुती-सिंथेटिक कपड्यांना बोहारणीचा स्टीलचा डबा हा योग्य मोबदला आहे. फक्त तो नवा डबा आपल्याला हवा आहे का, हेही विचारा!

गूंजसारख्या संस्थांना द्यायचे कपडे धुतलेले, बटणं-चेन शाबूत असलेले आणि बायकांचे, पुरुषांचे, मुलांचे वेगवेगळे बांधलेले असावेत. त्या सध्या काय घेतात आणि कुठे, ते आधी विचारा. फाटकं द्यायचं नाही, त्याची फडकी करा. घरकामाच्या मावशींना काही देताना त्यांना नाही म्हणायची मुभा ठेवा. बंद पडलेला मिक्सर त्यांच्या गळ्यात मारणं म्हणजे आपला कचरा त्यांच्या आपल्याहून लहान घरात पोचवणं.

वायर, बॅटऱ्या, औषधं

फोन किंवा लॅपटॉप देण्याआधी फोटो उतरवून घ्या, बँकेची आणि यूपीआयची ॲप काढा, गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडा आणि मगच फॅक्टरी रिसेट करा. खात्यातून न निघता रिसेट केलं तर फोन जुनाच पासवर्ड मागत बसतो. सिम आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नका. फुगलेल्या बॅटरीला टोचू-दाबू नका आणि कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच टाकू नका, कचरागाडीत दाबली गेली की पेटते. बाकी सामानापासून वेगळी, पत्र्याच्या नसलेल्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवून अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो. त्या न फोडता कागदात गुंडाळून तिथेच न्या.

मुदत संपलेल्या गोळ्या पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात कालवा आणि बंद पिशवीतून टाका. अख्खं पाकीट तसंच टाकू नका, ते कोणीतरी उचलतं. फरशा, कमोड, विटांचे तुकडे हा राडारोडा असतो. तो ओल्या-सुक्या कचऱ्यात जात नाही, त्यासाठी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला कळवावं लागतं.

दुसऱ्याच्या वस्तू

सासूबाई गावी गेल्या आहेत तोवर त्यांची ट्रंक आवरून टाकू, हा बेत सोडा. परत आल्यावर एक वस्तू कमी दिसली की उरलेली अडगळ कायमची पक्की होते. म्हाताऱ्या माणसांना 'ठेवायचं की टाकायचं?' असं विचारलं तर उत्तर 'ठेवायचं' हेच येतं. 'हे कोणाला द्यायचं?' असं विचारून बघा, नावं आपोआप निघतात. ज्याचं नाव निघेल त्याला तिथल्या तिथे फोन लावा.

दुबईला किंवा पुण्याला गेलेल्या भावाची कॉलेजची पुस्तकं तुमच्या माळ्यावर असतील तर त्याला फोटो आणि तारीख कळवा. त्या तारखेला कुरियरचे पैसे त्याने पाठवले तर पुस्तकं त्याच्याकडे, नाहीतर माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पुस्तकवाल्यांकडे.