‘द शायनिंग’ ही भयकादंबरी वाचून झाली? मग सिनेमा असा बघा

पुस्तक मिटल्या मिटल्या सिनेमा लावू नका. दोन-तीन आठवडे जाऊ द्या. वाचन ताजं असलं की आपण नुसती हजेरी घेत बसतो: हॉटेलातल्या २१७ नंबरच्या खोलीची २३७ का केली, लाकडी हातोड्याच्या जागी कुऱ्हाड कशाला आणली. खरं दुखणं तिथे नसतं.

मधल्या काळात, पुस्तक न उघडता, आपण नेमके कशाला घाबरलो ते एका वाक्यात लिहून काढा. माझं वाक्य होतं: ‘बापाचं पोरावर प्रेम आहे आणि तरीही तो त्याला मारायला निघालाय.’ स्टीफन किंगच्या या १९७७ च्या कादंबरीत भुतं पुष्कळ आहेत, पण माझी झोप उडवली ती जॅक टॉरन्सने. दारू सोडलेला, रागाच्या भरात एकदा आपल्या पोराचा, डॅनीचा, हात मोडलेला, ती लाज मनात घेऊन जगणारा माणूस. हिवाळ्यात ज्याची तो राखण करतो, त्या झपाटलेल्या हॉटेलने त्याचा पुरता ताबा घेतल्यावरही तो क्षणभर भानावर येतो आणि पोराला पळायला सांगतो. तिथे मी रडले होते.

आता स्टॅन्ली कुब्रिकचा १९८० चा सिनेमा लावा. त्यात जॅक टॉरन्स झालेला जॅक निकल्सन पहिल्यापासूनच बिघडलेला वाटतो. किंगचाही आक्षेप हाच होता आणि मला तो शंभर टक्के पटतो. पुस्तकात तळघरातल्या बॉयलरचा दाब सतत उतरवावा लागतो, जॅकचा राग तसाच चढत जातो आणि शेवटी स्फोटात हॉटेल जळतं. सिनेमात जॅक बर्फात गोठून मरतो. एक गोष्ट तापत जाते, दुसरी गारठत. हे ध्यानात ठेवून हेडफोन लावा आणि डॅनीच्या तीनचाकीचा आवाज ऐका: लाकडी फरशीवर खडखडाट, गालिच्यावर शांतता, पुन्हा खडखडाट. ही भीती कागदावर उतरणारी नाही.

‘पुस्तकाबरहुकूम केला असता तर?’ हा प्रश्न तरीही छळत असेल, तर १९९७ ची तीन भागांची मालिका बघा. पटकथा खुद्द किंगची. प्राण्यांच्या आकारात कातरलेली ती झुडपंही त्यात आहेत. पुस्तकात जॅकची नजर वळली की ती सरकतात, म्हणून अंगावर काटा येतो. पडद्यावर ती संगणकाच्या करामतीने समोरच हलतात आणि सगळा दरारा जातो.

सिनेमा बघताना पुस्तक न वाचलेलं कुणीतरी सोबत असू द्या. संपल्यावर विचारा, ‘जॅकची कीव आली?’ नाही म्हणाले, तर तुमची प्रत त्यांना वाचायला द्या.