अर्धवट राहिलेली मसल कार ऑनलाइन विकताना या चुका टाळा

अमेरिकेत घराला ऐसपैस गॅरेज मिळाले की जुन्या गाड्यांची हौस असलेला माणूस एखादी मसल कार, म्हणजे ताकदवान इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी, उदाहरणार्थ १९६९ ची शेव्हरोले कॅमेरो किंवा १९६७ ची फोर्ड मस्टँग, खोलून पुन्हा उभी करायला घेतो. पुढे नोकरी बदलते, मुलांच्या कॉलेजचा खर्च समोर उभा राहतो आणि गाडी खोक्यांतच राहते. ती विकायला काढताना होणारी सर्वांत महाग चूक म्हणजे पावत्यांची बेरीज करून किंमत ठरवणे. तुम्ही किती खर्च केला याच्याशी घेणाऱ्याला कर्तव्य नसते. त्याला अजून किती खर्च करावा लागणार, एवढेच तो पाहतो. समजा, तशीच गाडी पूर्ण होऊन चालत्या स्थितीत ६०,००० डॉलरला विकली जाते आणि रंग, इंजिन, वायरिंग व अंतर्भाग मिळून ३८,००० डॉलरचे काम बाकी आहे. उरलेल्या २२,००० मधूनही तो स्वतःचा वेळ आणि पत्रा उघडल्यावर निघणारा गंज यांची वजावट करणार, त्यामुळे १५,००० ची ऑफर आली तर तो अपमान समजू नये.

तुलनेसाठी लोक इतरांच्या जाहिरातींतील मागणीचे आकडे घेतात, तेही चुकीचे. ईबेवर विक्री झालेल्या वस्तू वेगळ्या पाहता येतात आणि ‘ब्रिंग अ ट्रेलर’ या गाड्यांच्या लिलावाच्या संकेतस्थळावर जुन्या लिलावांचे निकाल खुले असतात, त्यांत अपूर्ण गाड्याच शोधाव्यात. जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या हॅगर्टी कंपनीच्या किंमत-मार्गदर्शकातील सर्वांत खालची, म्हणजे चौथी श्रेणीसुद्धा दोष असलेल्या पण चालू गाडीची आहे. सुट्या भागांच्या ढिगासाठी तिथे रकानाच नाही.

किमतीचा खरा कस लागतो तो गाडीच्या ओळखीवर. १९८१ पूर्वी १७ अंकी व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) नव्हता आणि प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी होती. १९६९ च्या कॅमेरोचा व्हिन १२४३७ ने सुरू झाला, तर ती व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाची कूपे (दोन दारांची गाडी) आहे एवढेच कळते. ती एसएस आहे की झेड-२८ (कॅमेरोच्या जास्त ताकदवान आवृत्त्या), हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्या काळच्या मस्टँगमध्ये मात्र व्हिनमधील पाचवे अक्षर मूळ इंजिन सांगते, आणि १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट (कारखान्याच्या नोंदींवरून गाडीचे मूळ रूप सांगणारा अहवाल) मागवता येतो. पॉन्टियाक कंपनीच्या गाड्यांसाठी पीएचएस या सेवेकडून कारखान्याच्या नोंदींची कागदपत्रे मिळतात, आणि १९६४-६५ च्या जीटीओ या पॉन्टियाकला ती अत्यावश्यकच, कारण त्या वर्षांत जीटीओ हा ल मान्स या मॉडेलवर मिळणारा जादा पर्याय असल्याने व्हिनमध्ये तिची वेगळी नोंद नाही. कागद नसेल, तर जाहिरातीत ‘एसएस’ लिहू नये. नुसती बोनेटवरची चिन्हे पाहून फसण्याइतका या क्षेत्रातील ग्राहक भोळा नसतो.

‘मॅचिंग नंबर्स’ (इंजिनावरचे आकडे गाडीच्या व्हिनशी जुळणे) हे शब्दही असेच सैलपणे वापरले जातात. शेव्हरोलेच्या स्मॉल-ब्लॉक या व्ही-८ इंजिनात उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे, १९६९ च्या गाडीत अल्टरनेटरमागे दडलेली, एक सपाट पट्टी असते. तिच्यावर इंजिनाचा कोड असतो, आणि व्हिनचा अंश तिथे किंवा काही ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या वर ठोकलेला असतो. ती ग्रीसने माखलेली दिसली की हात शिवशिवतात, पण पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात लावू नये. कारखान्यात यंत्राने पत्ता सपाट करताना उमटलेल्या बारीक समांतर रेषा त्या पट्टीवर असतात. त्या घासून गेल्या की अस्सल आकडेही नंतर ठोकल्यासारखे दिसतात आणि हजारो डॉलरचा पुरावा पाच मिनिटांत नाहीसा होतो. डिग्रीझर, मऊ फडके आणि तिरप्या प्रकाशात काढलेला फोटो पुरेसा आहे.

‘९० टक्के काम झाले आहे’ हे वाक्य अनुभवी माणसाला सावध करते, कारण उरलेल्या कामातच क्रोम, काचा, रबर आणि पॅनेलच्या फटी जुळवण्याची कटकट असते. त्यापेक्षा काय नाही, याची यादी द्यावी. कॅमेरो-मस्टँगचे बहुतेक भाग नव्याने बनतात, त्यामुळे गहाळ फेंडर परवडते. पण कमी खपलेल्या मॉडेलची एखादी ट्रिमची पट्टी शोधण्यात वर्ष जाते. खोकी उघडून, भाग जमिनीवर मांडून फोटो काढावेत. फ्लोअर पॅन (तळाचा पत्रा), डिकी, काउल (पुढच्या काचेखालचा पत्रा) आणि क्वार्टर पॅनेलची (मागच्या चाकावरच्या बाजूच्या पत्र्याची) खालची कड दाखवावी. ताज्या प्रायमरखाली पुट्टी लपवली, तर साधा चुंबकही ते उघड करतो. गाडी चाकांवर ढकलता येते की नाही, हेही लिहावे, कारण न ढकलता येणाऱ्या गाडीसाठी वाहतूकदार जादा पैसे घेतो किंवा सरळ नकार देतो.

टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी दाखला, आपल्या नावावर नसेल, तर जाहिरातीआधी ते काम उरकावे; नुसत्या बिल ऑफ सेलवर (विक्रीच्या साध्या पावतीवर) किंमत पडते. कॅशियर्स चेकची (बँकेने स्वतःच्या नावाने काढलेल्या चेकची) रक्कम खात्यात दिसली म्हणजे तो खरा ठरला असे नव्हे, बनावट चेक कित्येक दिवसांनी परत येतो. म्हणून चेक देणाऱ्या बँकेच्या शाखेतच, ग्राहकासमोर खात्री करून मग टायटलवर सही करावी. कॅलिफोर्नियात त्यानंतर ५ दिवसांच्या आत हस्तांतराची नोटीस डीएमव्हीला (तिथल्या वाहन नोंदणी खात्याला) द्यावी लागते. ती दिली नाही, तर नव्या मालकाने रस्त्याकडेला सोडून दिलेल्या सांगाड्याची टोइंगची बिले तुमच्याच पत्त्यावर येऊ शकतात.