विश्वास डळमळत असताना प्रार्थना कशी करावी

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी प्रार्थना चालवायला उठलं की ‘हे दयाळू, कृपाळू, प्रेमळ स्वर्गीय पित्या’ ही सुरुवात ओठांवर तयारच असते. शब्द सुंदर आहेत. पण मुलाचा ताप तिसऱ्या दिवशीही उतरलेला नसतो, आपण घरी एकटे बसलेलो असतो, तेव्हा तेच शब्द तोंडातून निघतात आणि मन कुठेतरी भलतीकडेच असतं. माझं असं पुष्कळदा झालं आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे सांगतो.

आधी जागा ठरवा. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगतो. घर एका खोलीचं असेल तर? माझी आजी पहाटे चुलीपुढे बसून डोक्यावरून पदर पुढे ओढून घ्यायची. तेच तिचं दार. दहा मिनिटं पुरतात, फक्त फोन हाताशी ठेवू नका.

मग मनात जे आहे ते बोला, जसं असेल तसं. बायबलमधल्याच 1 शमुवेल या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातली हन्ना आठवा. मूल नाही, सवतीचे टोमणे, घरात अन्न गोड लागत नाही. ती शिलो इथल्या मंदिरात रडत उभी राहते. नुसते ओठ हलतात, आवाज फुटत नाही. एली याजकाला वाटतं, बाई प्यायलेली आहे. ती म्हणते, नाही, मी परमेश्वरापुढे आपलं मन मोकळं करते आहे. तिच्या प्रार्थनेत अलंकार नाहीत, दुःख आहे. तुम्हीही घरात बोलता त्याच मराठीत बोला. ‘प्रभू, मला भीती वाटते’, ‘प्रभू, भावाचा राग जात नाही’, इतकंसुद्धा चालतं. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, साध्या बायकांनाही वाचता यावं म्हणून पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून आयुष्याची शेवटची वर्षं सोप्या मराठीतल्या भाषांतराला दिली. देवाशी बोलायला अवघड भाषा लागते, हा समज मनातून काढून टाका.

विश्वासच कमी पडतोय असं वाटलं, तर तेही त्यालाच सांगा. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातल्या एका बापाने हेच केलं. मुलाला झटके येत होते, शिष्यांना काही जमलं नव्हतं. ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका,’ असं तो येशूपुढे ओरडला. येशूने त्याला परत पाठवलं नाही, मुलाला बरं केलं. म्हणून आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असं म्हणणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं. असं कुणालाही म्हणू नका, स्वतःलाही नाही.

शब्दच सुचत नसतील तर बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र मोठ्याने वाचा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांतच ‘कोठवर?’ चार वेळा येतं. देवाला असं विचारायची मुभा पवित्र शास्त्रच देतं. किंवा येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना एकेक ओळ थांबत म्हणा. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथे थांबून घरातला किराणा, थकलेलं भाडं, मुलीची फी, सगळं नाव घेऊन सांगा. ‘आमच्या ऋण्यांना’, म्हणजे आपला अपराध करणाऱ्यांना क्षमा करण्याची ओळ आली की मात्र घाई करू नका. एखादा चेहरा डोळ्यांपुढे येईल, त्याचं नाव घ्या.

मागायचं ते स्पष्ट मागा, पण उत्तर त्याच्यावर सोपवा. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूने प्याला, म्हणजे पुढे येणारं दुःख, दूर करण्याविषयी तीनदा विनवणी केली, आणि ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ असंही म्हटलं. प्याला दूर झाला नाही. हे वाचताना मला दर वेळी धीर येतो, कारण नकार ऐकणारा पुत्रही पित्याचा लाडकाच होता.

एक साधी वही ठेवा. तारीख, कुणासाठी, काय मागितलं, एवढंच लिहा. एकट्याने रेटवेना झालं तर मंडळीतल्या एखाद्या विश्वासू माणसाला सोबत बसायला बोलवा.

शेजारच्या आजारी काकूंसाठी मागितलं असेल, तर ‘आमेन’ म्हणून उठल्यावर दुपारी त्यांच्याकडे मऊ भाताचा डबा घेऊन जा.