लेहची गाडीवारी: मुक्कामाच्या उंचीवरून आखणी

मनाली ते लेह सुमारे ४३० किलोमीटर, श्रीनगर ते लेहही जवळपास तेवढंच. नकाशा पाहून वाटतं, दोन दिवसांचं काम आहे. बहुतेक बेत इथेच बिघडतात. या रस्त्यावर आधी ठरवायचं ते रोज रात्री किती उंचीवर झोपायचं. किलोमीटर, हॉटेल, पेट्रोल हे सगळं त्यानंतर.

ढोबळ नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर हजार मीटरमागे एक रात्र जादा काढावी. दिवसा पाच हजार मीटरची खिंड ओलांडून खाली येऊन झोपलात तर शरीर बहुधा सांभाळून घेतं. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. तिथे वीस मिनिटं फोटो काढणं वेगळं आणि रात्र काढणं वेगळं, कारण झोपेत रक्तातला प्राणवायू आणखी खाली येतो.

श्रीनगरकडून चढा, मनालीकडे उतरा

सुट्टी पुरेशी असेल तर हीच दिशा घ्या. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे, सोनमर्ग आणि कारगिल २,७००च्या आसपास, लेह ३,५००. वाटेत झोजी ला (‘ला’ म्हणजे खिंड) ३,५२८ मीटर आणि फोटू ला ४,१०८ मीटर, म्हणजे या बाजूची सगळ्यात उंच खिंडही बेताचीच. पहिला दिवस श्रीनगर ते सोनमर्ग, मुद्दाम छोटा. दुसरा कारगिल. तिसऱ्या दिवशी कारगिल ते लेह साधारण २१५ किलोमीटर, जेवण लामायुरूला. झोजी ला परिसरात वाहतूक कधी एकाच दिशेने सोडतात आणि वेळा बदलत राहतात, म्हणून आदल्या संध्याकाळी सोनमर्गलाच चौकशी करून ठेवा.

कारगिल ते लेह ही झोपेच्या उंचीतली उडी ८०० मीटरची, म्हणजे नियमापेक्षा जास्त. तिची भरपाई लेहमध्ये दोन रात्री गाडी न काढता करायची. पहिल्या दिवशी बाजारापर्यंत चालत गेलात तरी पुष्कळ झालं. पोहोचल्याच्या दुसऱ्या सकाळी खार्दुंग ला (लेहजवळची पाच हजार मीटरवरची खिंड) करायचा मोह अनेकांना होतो आणि त्यातलेच काही जण संध्याकाळी रुग्णालयात दिसतात.

मनालीहूनच चढायचं असेल तर सरचूचा मोह टाळा

मनाली २,०५० मीटर, सरचू सुमारे ४,२९०. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा चढ वाचला, अंतर ४६ किलोमीटरने घटलं आणि एका दिवसात सरचू गाठणं फारच सोपं झालं. धोका त्यातच आहे. एका दिवसात दोन हजार मीटरहून अधिक चढून तंबूत झोपायचं, आणि रात्री दोन वाजता कुणाची तब्येत बिघडली तर खाली जायला सरळ रस्ता नाही. मागे बारालाचा ला (सुमारे ४,८९० मीटर), पुढे लाचुंग ला (५,०६०च्या आसपास) आणि तांगलांग ला (५,३२८). उतरण्यासाठी आधी चढावंच लागतं. पांग तर आणखी वर, ४,६०० मीटरच्या आसपास.

त्याऐवजी जिस्पाला (सुमारे ३,२०० मीटर) दोन रात्री काढा आणि तिसऱ्या पहाटे थेट लेह गाठा. अंतरं साधारण अशी: जिस्पा ते सरचू ८५, सरचू ते पांग ७८, पांग ते तांगलांग ला ७०, तिथून उपशी ६०, उपशी ते लेह ४८ किलोमीटर. दिवस मोठा आहे, दहा ते बारा तासांचा, पण झोपेची उंची ३,२०० वरून ३,५०० एवढीच वाढते. पहाटे पाचला निघायचं. दारचाच्या चौकीवर गाडीची नोंद होते, तिथे थोडा वेळ जातो. खरा निर्णय बारालाचा लाच्या अलीकडच्या झिंगझिंग बार या थांब्यावर घ्यायचा: तिथेच सकाळचे दहा वाजून गेले असतील, तर जिस्पाला परत फिरा. पुढे रेटलं की अंधार पडायच्या वेळी पांगच्या तंबूंशिवाय पर्याय उरत नाही.

पहाटे निघण्याचं आणखी एक कारण म्हणजे नाले. रस्त्यावरून वाहणारं पाणी वरच्या बर्फाचं असतं. रात्री वितळणं थांबतं, ऊन चढलं की वाढतं, त्यामुळे सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी तीनला गुडघ्याच्या वर येऊ शकतो. ओलांडताना आधी पुढच्या गाडीची चाकं कुठून जातात ते पाहा. पहिला गिअर, एकसारखा अॅक्सिलरेटर, मध्ये गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर लगेच स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि ती दुरुस्ती रस्त्याकडेला होत नाही.

पेट्रोल

केलाँगच्या आठ किलोमीटर अलीकडे तांडीचा पंप आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी तिथली पाटी प्रसिद्ध आहे. लेहच्या अलीकडे कारूला पंप मिळतो, तरी सव्वातीनशेच्या वर किलोमीटर टाकीच्या जोरावरच काढायचे असतात. हिशेब मैदानी मायलेजवर करू नका, चढावर ते पाव हिश्शाने तरी घटतं. ३० देणारी मोटारसायकल २३ धरली तर ३३० किलोमीटरला साडेचौदा लिटर लागतील. तेरा लिटरच्या टाकीला पाच लिटरचा कॅन हवाच. कॅन पेट्रोलसाठीचाच घ्या, पाण्याच्या बाटल्या नकोत. तो गळ्यापर्यंत भरू नका आणि गाडीच्या आत ठेवू नका. वर दाब कमी होतो तसा कॅन फुगतो, म्हणून झाकण उघडताना हळू.

टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं. तांगलांग लाच्या चढावर गाडी ओढत नाही म्हणून घाबरू नका, एक गिअर खाली घ्या. कार्ब्युरेटरच्या गाडीतून काळा धूर येणं, प्लग काळा पडणं हेही हवा कमी आणि पेट्रोल जास्त झाल्याचंच लक्षण. बीएस-६ डिझेल असेल तर डीईएफची (धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या द्रवाची) टाकी मनालीतच भरा.

टायरच्या हवेबाबत उलटसुलट सल्ले मिळतात. बाहेरचा दाब घटला की गेजवरचा आकडा वाढतो: मनालीत भरलेली हवा पांगपुढच्या मोरे मैदानावर त्याच तापमानाला सुमारे ३ पीएसआय जास्त दिसेल. थंडीने त्यातला काही भाग परत उतरतो. म्हणून मनालीत थंड टायरवर कंपनीने सांगितलेली हवा भरा आणि वर जाऊन काढत बसू नका. काढलीच, तर लेहहून खाली उतरताना टायर मऊ पडलेले असतात आणि खड्ड्यात रिम वाकते. उतारावर दुसऱ्या गिअरचं इंजिन ब्रेकिंग वापरा. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड लावा, नाहीतर गाटा लूप्सच्या २१ वळणांत ब्रेकचा वास येईल.

स्टेपनी, पंक्चर किट आणि १२ व्होल्टचा पंप कारमध्ये असावाच. मोटारसायकलला क्लच आणि अॅक्सिलरेटर केबल, चेनची लिंक, लिव्हर, ट्यूब. कडाक्याच्या रात्री ओला हँडब्रेक गोठतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

तब्येत

डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक मरणं, गरगरणं किंवा कमालीचा थकवा असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळेच आहे असं धरा. तिथेच थांबा, आणखी वर झोपू नका. वेदनाशामकाने डोकं शांत होतं, आजार जात नाही. बसल्या जागी धाप लागणं, खोकला, सरळ रेषेत चालता न येणं, बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही दिसलं तर लगेच खाली न्या, मग रात्र असो की पाऊस. त्या व्यक्तीने गाडी चालवायची नाही. प्राणवायूचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो, त्याच्या भरवशावर थांबून राहू नका. पांगच्या लष्करी तळावर आणीबाणीत मदत मिळते, लेहमध्ये सोनम नोरबू रुग्णालय आहे.

अॅसिटाझोलामाइड (डायमॉक्स) प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ते अजिबात घेऊ नये, इतरांनीही विचारूनच. बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवी होणं अपेक्षित आहे. लेहमध्ये ऑक्सिमीटरवर नव्वदच्या खालचा आकडा पहिल्या दिवशी अनेकांना दिसतो. आकड्यापेक्षा लक्षणं महत्त्वाची. दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिले काही दिवस बंद.

महिना आणि कागद

मनालीचा रस्ता सीमा सडक संघटना साधारण मे-जूनमध्ये खुला करते. जून-जुलैत नाले जोरात असतात, जुलै-ऑगस्टमध्ये कुल्लू-मंडी पट्ट्यात दरडी. सप्टेंबर सगळ्यात शांत, मात्र महिनाअखेरीस पहाटे खिंडींवर काळं बर्फ (रस्त्यावरचा सहज न दिसणारा पातळ थर) मिळतं.

बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतं. दारचानंतर नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून आरसी, विमा, पीयूसी कागदावर घ्या, ऑफलाइन नकाशा आधीच उतरवा आणि केलाँगला रोकड काढा. भारतीयांना मुख्य महामार्गाला परवाना लागत नाही. नुब्रा, पँगाँग, हानले इकडे जायचे नियम बदलत राहतात, ते लेहमध्ये पोहोचल्यावर पक्के करा. मनालीत भाड्याने घेतलेली मोटारसायकल लेहच्या पुढे या ठिकाणी स्थानिक भाडेवाले जाऊ देत नाहीत, तिथे लेहचीच घ्यावी लागते.

शेवटी दोन दिवस मोकळे ठेवा. दरड पडली की मंडीच्या आसपास एक दिवस सहज जातो. परतीचं आरक्षण केलेलं असेल तर तो दिवस भरून काढायला लोक रात्री घाट उतरतात.